दांड्याखालून फुकट

मित्रांनो, मी एक जुना फिरता दरवाजा आहे. दरवाजा म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर कडी, बिजागरी आणि आतून आलेला 'कोण आहे?' असा आवाज येत असेल. माझ्याजवळ यातले काहीही नाही. मी म्हणजे एक उभा लोखंडी खांब आणि त्याला चार बाजूंना बसवलेले चार आडवे दांडे. पुढचा दांडा ढकलला की माणूस आत जातो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा दांडा आडवा येऊन उभा राहतो. एका वेळी एकच माणूस, आणि तोही फक्त आत. मला उलटे फिरता येत नाही. 'अहो, माझी छत्री बाहेर राहिली हो!' म्हणून कोणी कितीही गयावया केली तरी मी जागचा हलत नाही. लोक याला हट्टीपणा म्हणतात. मी त्याला शिस्त म्हणतो.

देशातल्या सर्वांत मोठ्या स्टेडियमच्या उत्तरेकडच्या भिंतीत मी माझे आयुष्य काढले. सगळे अंतिम सामने तिथेच होत. खेळाचा मोसम नसला की गवतावर फळ्या अंथरून, वर मोठे व्यासपीठ उभारून गाण्याचे कार्यक्रमही तिथेच होत. असे असूनही ते मैदान मी एकदाही पाहिले नाही, कारण माझ्यापुढे जिना होता आणि जिन्यापुढे भिंत. पण तक्रार करायला मला सवड कुठे होती?

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तापलेले लोखंड साच्यात ओतताना कारागीर एकमेकांवर इतके ओरडत होते की पहिले काही दिवस मला वाटले, ओरडणे हीच माणसांची भाषा आहे. पुढे स्टेडियमवर आल्यावर ती समजूत आणखी पक्की झाली. ओतशाळेतून मी एका फिटरच्या हाती आलो. त्याने माझ्यात दातेरी चाक बसवले, वंगण भरले आणि प्रत्येक दांडा स्वतःच्या कमरेने ढकलून पाहिला. चारही वेळा 'खट्' असा स्वच्छ आवाज आला तेव्हा त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "जा बाबा, आता लोकांच्या शिव्या खा." मग मला हिरवा रंग लागला आणि मी माझ्यासारख्याच भावंडांबरोबर ट्रकमध्ये चढलो.

आता माझ्या उंचीची गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यामुळेच घडले. आम्हा भावंडांचे दांडे माणसाच्या कमरेला लागावेत अशी योजना होती. आम्हाला बसवण्यासाठी गवंडी भिंतीच्या कडेने सिमेंटचे ओटे बांधत चालले होते. माझा ओटा सकाळच्या गवंड्याने बांधला आणि तो जेवायला गेला. दुपारी दुसरा गवंडी आला. त्याला वाटले, ही नुसतीच खालची भर आहे, ओटा बांधायचा राहिलाच आहे. त्याने मोठ्या उत्साहाने ओट्यावर ओटा बांधला. संध्याकाळी मला वर चढवले तर माझा दांडा मोठ्या माणसाच्या थेट छातीला लागू लागला. दोन्ही गवंडी एकमेकांकडे पाहत राहिले. साहेब आले, त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "राहू द्या आता. परवा उद्घाटन आहे." ते राहिले ते कायमचेच.

या चुकीने मला भाग्यवान केले. त्याचे असे झाले की स्टेडियमचा लहान मुलांसाठी एक नियम होता. जे मूल न वाकता दांड्याखालून जाईल त्याला तिकीट नाही, मात्र त्याने मोठ्यांच्या मांडीवर बसायचे. माझ्या भावंडांच्या दांड्याखालून जेमतेम चालायला लागलेली बाळे जात. माझ्याखालून चांगली शाळेत जाणारी, पाढे म्हणणारी मुले जात! ही बातमी घराघरांत पोहोचायला वेळ लागला नाही. ज्यांच्या घरी पोरेबाळे ती सगळी कुटुंबे माझ्यापुढे रांग लावू लागली. शेजारच्या दरवाजांपुढे शिस्तीतली मोठी माणसे, आणि माझ्यापुढे कलकलाट, फुगे, पिपाण्या, सांडलेले सरबत आणि 'आई, याने मला चिमटा काढला.' भावंडे मला हसायची. पण रात्री रिकाम्या भिंतीत त्यांनाही करमायचे नाही, हे मला ठाऊक आहे.

माझ्याशेजारी एका उंच स्टुलावर तिकीट तपासणारे काका बसत. तिकीट फाडायचे आणि पायाने खटका दाबायचा, म्हणजे माझे चाक मोकळे होई. सगळी मुले त्यांना खटकाकाका म्हणत. नियमाच्या बाबतीत माणूस कडक. एखादा बाप मोठ्या मुलाला 'गुडघे वाकव, गुडघे वाकव' असे कानात सांगू लागला की काका म्हणत, "साहेब, मुलाला बेडकासारखं चालायला शिकवू नका. शाळेत गुरुजी विचारतील." सगळी रांग हसे आणि बाप निमूटपणे तिकीट काढायला जाई.

सामन्याच्या दिवशीची माणसे मला पोटाने ढकलत, घोषणा देत, घाईघाईने जात. गाण्याच्या दिवशीची माणसे अत्तर लावून येत आणि रांगेत उभ्या उभ्या माझ्या दांड्यावर बोटांनी ताल धरत. त्या बोटांनी मला गाण्यातले पुष्कळ काही शिकवले. आणि एक गुपित सांगतो. परत जाण्याचे दरवाजे वेगळे होते. त्यामुळे हरून घरी चाललेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी पाहिली ती फक्त येणारी माणसे, आणि येणारा प्रत्येक जण जिंकायलाच आलेला असतो. माझा स्वभाव इतका आनंदी का, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

या येणाऱ्यांमध्ये एक आत्या होती. ती शाळेची बस चालवायची. तिचा आवाज असा की तिने "सरका!" म्हटले की रांगेतले अनोळखी लोकही सरकत. दर मोसमात ती आपल्या भाचरांना घेऊन यायची. थोरली भाची आणि तिच्या पाठचा भाऊ. पहिल्या वर्षी भाऊ आत्याच्या कडेवर होता आणि भाची माझ्या दांड्याखालून ऐटीत चालत गेली. जाता जाता तिने हात वर करून मला थोपटले. येणाऱ्यांपैकी मला थोपटणारे पहिले माणूस तीच.

मित्रांनो, बहुतेक मुलांना माझ्याखालून जाण्यात मौज वाटे. हिला मात्र मला ढकलायचे होते. दरवर्षी ती माझ्याखाली येऊन थांबायची, डोक्यावर आडवी बोटे धरून दांड्यापर्यंत किती बोटे उरली ते मोजायची आणि हळूच विचारायची, "अजून किती रे?" मी काय सांगणार? मला वाकता आले असते तर त्याच क्षणी वाकलो असतो. पण लोखंडाच्या अंगी तेवढा मऊपणा नसतो.

भाची हळूहळू वाढत होती. भाऊ मात्र असा सरसर वाढला की आत्या त्याला बांबू म्हणू लागली. बघता बघता तो बहिणीच्या बरोबरीला आला आणि मग तिच्याहून बोटभर वर गेला. त्या वर्षी माझ्याखालून जाताना त्याचे केस दांड्याला लागले आणि खटकाकाकांनी हात पुढे केला, "तिकीट काढा साहेबांचं." बांबू जो फुगला! आपल्या तिकिटाने, आपल्या हाताने मला ढकलून तो आत गेला आणि स्वतःच्या खुर्चीवर बसला. थोरली बहीण मात्र दांड्याखालून गेली आणि आत्याच्या मांडीवर बसली. त्या दिवशी तिने मला थोपटले नाही.

त्यानंतर बांबूच्या तोंडाला धरबंध राहिला नाही. तो तिला टिल्ली म्हणायचा.

"ताई म्हण तिला. मोठी आहे ती," आत्या दर वेळी डोळे वटारायची.

"कुठून मोठी?" बांबू टाचा उंचावून म्हणायचा. "मांडीवर बसणाऱ्याला कोणी ताई म्हणतं का?"

भाची गाल फुगवून जिन्याकडे पाहत राहायची. मला त्या पोराचा असा राग यायचा की तो ढकलताना थोडे अडकावे, असे वाटायचे. पण कामात कुचराई करणे आपल्या रक्तात नाही.

त्याच मोसमाच्या शेवटी देशातल्या सर्वांत आवडत्या गायकमंडळींचा कार्यक्रम ठरला. तिकिटे हातोहात खपली आणि खिडकीवर 'जागा संपल्या' अशी पाटी लागली. भाचीला त्या मंडळींची सगळी गाणी तोंडपाठ होती. आत्या सांगायची की हिच्या गाण्यांमुळे सकाळी न्हाणीघर लवकर रिकामे होत नाही आणि बस उशिरा निघते. या वेळी तरी मला तिकीट काढ, म्हणून भाची आत्याच्या मागे लागली होती. पण मागच्याच सामन्याला ती माझ्याखालून सहज गेली होती. आत्याने नेहमीप्रमाणे दोनच तिकिटे काढली, एक स्वतःचे आणि एक बांबूचे.

कार्यक्रमाच्या दुपारी ऊन चांगलेच तापले होते. रांग लांबवर गेली होती. पुढच्या एका जाड्या गृहस्थांच्या खांद्यावर थंड पाण्याचा मोठा डबा होता. मला ढकलायला ते वळले, डबा घसरला आणि माझ्यापुढे धपकन आपटला. सगळे पाणी सांडले. फरशीवर पाणी सांडले की ते चहूकडे पळते, पण हे पाणी पळालेच नाही. ते बरोबर माझ्या दांड्याखाली साचून बसले. लोक पाय उचलून उड्या मारू लागले. कोणाचे बूट भिजले, कोणी कोणाच्या पायावर पाय दिला. खटकाकाकांनी इकडेतिकडे शोधले आणि मागच्या खोलीतून जाड पत्र्याची एक जुनी पाटी आणून पाण्यावर आडवी टाकली. तिच्यावर लिहिले होते, 'गवतावर चालू नये'. आता लोक त्या पाटीवरून चालू लागले.

तेवढ्यात आत्याची पाळी आली.

"चला, आधी तू," आत्याने भाचीला पुढे केले. "जा पटकन खालून."

भाचीने या वेळी बोटे मोजली नाहीत. आज ती थांबलीसुद्धा नाही. मान ताठ, नजर समोर, नेहमीच्या सवयीने ती चालत आली आणि ठण्! तिचे कपाळ माझ्या दांड्यावर आपटले. मी मुळापासून थरारलो. सगळी रांग 'आई गं!' म्हणाली.

"लागलं का गं?" आत्या धावली.

भाचीने कपाळ चाचपले. तिथे टेंगूळ यायला सुरुवात झाली होती. आणि तिचा चेहरा असा उजळला की मी तुम्हाला सांगू शकत नाही.

"लागलं!" ती ओरडली. "काका, लागलं! माझं डोकं लागलं!"

"हॅ! पत्र्यामुळे," बांबू लगेच म्हणाला. "पत्र्यावर उभी आहे ती. फसवाफसवी आहे."

खटकाकाका स्टुलावरून उतरले. त्यांनी वाकून पत्र्याची कड चिमटीत धरून पाहिली. पत्रा जेमतेम नखाएवढा जाड होता. मग त्यांनी भाचीला बाजूला घेतले, पत्रा उचलला आणि खाली साचलेल्या पाण्यात बोट बुडवले. बोट दोन पेरे आत गेले.

मित्रांनो, तुम्ही दांडा ढकलता तेव्हा एक पाय पुढे रोवता. तुम्हीच नव्हे, सगळेच रोवतात, आणि त्याच एका जागी. इतक्या वर्षांत इतक्या पायांनी त्या दगडी फरशीला घासून घासून ताटासारखा खड्डा पाडला होता. रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही. पाण्याने मात्र ते बरोबर ओळखले.

"अरेच्चा!" खटकाकाका बोटाकडे बघत म्हणाले. "म्हणजे इतके दिवस मी पोरांना खड्ड्यात उभं करून मापत होतो की काय?"

रांगेत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणाले, "काका, आमच्या पोराची पण उंची वाढवून द्या!" काका स्वतःही पोट धरून हसले. त्यांनी पत्रा परत टाकला, भाचीला त्यावर उभे केले, हाताने दांडा आणि तिचे डोके एकत्र चाचपले. मग ते स्टुलावर जाऊन बसले, टोपी सरळ केली आणि इतर कोणासाठी करावा तसाच हात तिच्यापुढे केला.

"तिकीट?"

हा एक शब्द ऐकण्यासाठी ती किती दिवस थांबली होती! आणि तो ऐकताच तिचा चेहरा पडला, कारण तिच्याजवळ तिकीट नव्हते.

आत्याने खिसे चाचपले, जसे काही तिथे तिसरे तिकीट उगवणार होते. "अहो, दोनच आहेत. मला काय माहीत ही आत्ता इथे येऊन मोठी होणार म्हणून!"

"खिडकी तर बंद झाली," काका डोके खाजवत म्हणाले. त्यांनी रांगेकडे पाहिले, भाचीच्या टेंगळाकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "हे बघ बाळा. पत्रा उचलतो. तू खड्ड्यात उभी राहा आणि जा खालून नेहमीसारखी. मी काही पाहिलं नाही."

"पण मी पाहिलं ना," भाची म्हणाली.

"अगं, जाऊ दे की आजचा दिवस," मागच्या बाई म्हणाल्या. "हवं तर माझ्या मांडीवर बस. मऊ आहे."

"मांडीवर नाही."

"कार्यक्रम सुरू होईल, चिमणे," आत्या काकुळतीला आली. "तुझीच गाणी आहेत ना ती?"

भाचीच्या डोळ्यांत पाणी तरारले. पण ती पत्र्यावरून हलली नाही. "मी बाहेरून ऐकते. तुम्ही दोघं जा. इथेही ऐकू येतं."

खरेच सांगतो, माझे लोखंड त्या वेळी गार पडले. इतकी वर्षे मला ढकलण्याची वाट पाहिली, आणि आज ती माझ्यापुढे पुरेशी उंच होऊन उभी होती, तर मीच तिच्या आड येत होतो.

बांबू पुढे आला. त्याने खिशातून आपले तिकीट काढले. ते त्याने आठवडाभर पुस्तकात दाबून ठेवले होते, त्याला एकही घडी नव्हती. त्याने ते उलटसुलट करून पाहिले.

"आत्या, यावर नाव असतं का कोणाचं?"

"नाही रे. का?"

त्याने तिकीट बहिणीच्या हातात कोंबले. "घे. तू जा."

"आणि तू?"

"माझं मी बघतो. जा म्हटलं ना!"

भाचीने त्याच्याकडे पाहिले, आत्याकडे पाहिले.  मग भाचीने तिकीट काकांना दिले. काकांनी ते अगदी सावकाश, रेषेवरून फाडले, अर्धे तिच्या हातात ठेवले आणि पायाने खटका दाबला.

"ढकल."

मला पहिलवानांनी ढकलले आहे, ढोल घेतलेल्या माणसांनी ढकलले आहे, एका जोडप्याने भांडता भांडता ढकलले आहे. ते सगळे धक्के मी विसरलो. त्या मुलीने दोन्ही तळहात दांड्यावर ठेवले, पाय रोवला आणि सगळा जीव लावून मला ढकलले. मी फिरलो. माझा 'खट्' आवाज इतका खणखणीत कधी आला नव्हता. रांगेने टाळ्या वाजवल्या. ती आत गेली, हसत मागे वळली, आणि तिच्या लक्षात आले की आता दोघांच्या मध्ये माझा दांडा आहे. मी फक्त आत जाऊ देतो, हे तुम्हाला सांगितलेच आहे.

बाहेर बांबू उभा होता. त्याच्याजवळ तिकीट नव्हते. आणि आत, जिन्यापलीकडे, पहिला ढोल वाजला. हजारो माणसांनी एकदम आरोळी ठोकली. भाचीने मान वळवून जिन्याकडे पाहिले, पण ती तिथून हलली नाही.

"काका, पत्रा काढा," बांबू म्हणाला.

काकांनी पत्रा बाजूला केला. बांबू पाण्यात उतरला आणि माझ्याखाली येऊन उभा राहिला. त्याचे डोके दांड्याला टेकले.

"लागलं," काका जड आवाजात म्हणाले.

"थांबा!" बांबू मागे सरला, खाली बसला आणि बुटांच्या नाड्या ओढू लागला. "बूट काढायचे नाहीत असा नियम आहे का?"

काकांनी टोपी मागे सरकवली. "कुठे लिहिलेलं तर नाही."

बूट निघाले, मोजे निघाले. त्याने ते माझ्या दांड्याखालून बहिणीकडे सरकवले. "धर." तिने ते दोन्ही हातांनी छातीशी धरले. तो अनवाणी खड्ड्यात उभा राहिला. डोके आता खाली होते, पण केस! त्या पोराचे केस ब्रशसारखे उभे राहायचे. ते अजून मला गुदगुल्या करत होते. त्याने वाकून पायाखालचे पाणी ओंजळीत घेतले.

"शी! त्या पाण्याला हात लावू नकोस!" आत्या कडाडली आणि तिने आपली बाटली त्याच्या डोक्यावर रिकामी केली. मग स्वतःच्या दोन्ही हातांनी त्याचे केस असे चोपडून बसवले की तो ओळखू येईना.

खटकाकाका गुडघ्यावर बसले आणि त्यांनी आपला डोळा माझ्या दांड्याच्या रेषेत आणला. "गुडघे सरळ," ते म्हणाले. "मान सरळ. बेडूक नाही व्हायचं. श्वास सोडायला हरकत नाही."

बांबूने श्वास सोडला. रांगेने मात्र रोखून धरला. आत गाणे सुरू झाले होते, भाचीचे सर्वांत आवडते, पण तिचे ओठ हलत नव्हते. तिने बूट आणखी घट्ट धरले होते. बांबूने एक पाऊल टाकले. त्याच्या ओल्या डोक्याने मला स्पर्श केला नाही. केसांवरून ओघळणारा एक थेंब तेवढा माझ्या खालच्या अंगाला लागला. दुसरे पाऊल. तो पलीकडे होता.

"नाही लागलं!" काका ओरडले आणि उठता उठता धडपडले. "फुकट! मांडीवर बसायचं!"

असा जल्लोष झाला की शेजारच्या रांगेतल्या लोकांना वाटले, आत काहीतरी घडले आणि आपले चुकले. मागच्या बाई डोळे पुसत होत्या. जाडे गृहस्थ कार्यक्रम सोडून अजून जिन्यातच उभे होते, ते टाळ्या वाजवत होते.

बांबू ओल्या पायांनी बहिणीपुढे उभा राहिला. अजूनही तो तिच्याहून बोटभर उंच होता. त्याने हात पुढे केला.

"ताई, बूट दे," तो म्हणाला.

भाचीने बूट दिले नाहीत. ती खाली बसली, आपल्या फ्रॉकच्या घेराने त्याचे पाय पुसले, मोजे चढवले आणि नाड्या बांधल्या. त्यानेही मुकाट्याने बांधून घेतल्या.

"अरे, मला कोणी आत घेणार आहे का?" बाहेरून आत्याचा आवाज आला. तो आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. काकांनी तिचे तिकीट फाडले, आणि तिघे हात धरून जिन्यावर पळाले.

त्यानंतरचे मला आत्यानेच पुढच्या खेपेला सांगितले, म्हणजे तिने काकांना सांगितले आणि मी ऐकले. भाची सगळा वेळ स्वतःच्या खुर्चीवर बसून होती. पाय जमिनीला पोहोचत नव्हते, पण खुर्ची तिची होती. बांबू आत्याच्या मांडीवर होता. त्याचे गुडघे त्याच्याच हनुवटीला लागत होते आणि मागच्या लोकांना दिसत नाही म्हणून तो सारखा बोलणी खात होता. आत्याच्या पायांना अशा मुंग्या आल्या की परत जाताना तिला धरून न्यावे लागले. "पण गाणं काय झालं हो!" आत्या म्हणाली. मांडीवर तो गोंधळ चालू असताना त्यातले तिला किती ऐकू आले असेल कोण जाणे.

त्या दिवसानंतर खटकाकाकांनी तो पत्रा परत मागच्या खोलीत ठेवला नाही. तो माझ्या अंगाला टेकवून ठेवला. मूल आले की ते विचारत, "काय साहेब, खड्डा की पत्रा?" खड्डा म्हणजे फुकट आणि मांडी. पत्रा म्हणजे तिकीट आणि खुर्ची. तुम्हाला खोटे वाटेल, पण कितीतरी पोरे ऊर पुढे काढून 'पत्रा!' म्हणत, आणि त्यांचे बाप हसत हसत खिडकीकडे वळत. व्यवस्थापक एकदा चौकशी करायला आले होते. ते स्वतः खड्ड्यात उभे राहिले, पत्र्यावर उभे राहिले आणि पत्रा होता तसा टेकवून निघून गेले.

काळ पुढे गेला. काका निवृत्त झाले. भिंत पाडून तिथे काचेची दारे आली. फोन दाखवला की ती आपोआप सरकतात, आणि कोणाला ढकलावे लागत नाही. मला उचलून गोदामात टाकले. तिथे गुंडाळलेल्या जाळ्या होत्या, मोडक्या खुर्च्या होत्या, आणि शांतता. माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ कंटाळवाणा, म्हणून तो मी लवकर आटोपतो.

आता स्टेडियम पाहायला येणाऱ्यांसाठी एक दालन केले आहे. करंडक, जर्सी, गायकांच्या सह्या असलेली वाद्ये अशा मोठ्या मंडळींमध्ये मलाही जागा मिळाली आहे. कोणा शहाण्याने माझ्याबरोबर तो खड्डा पडलेला दगडही उचलून आणला. पोरे येतात, करंडकांवरून नजर फिरवतात आणि माझ्याखाली उभी राहून एकमेकांना मापतात. टक्कल पडलेली माणसे येतात आणि कोणी बघत नाही असे पाहून हळूच बूट काढतात.

फक्त माझ्या गळ्यात एक पाटी अडकवली आहे, 'हात लावू नये'. मित्रांनो, ही पाटी माझ्या भल्यासाठी आहे असे सगळे समजतात. पण न फिरणाऱ्या चाकाला गंज चढतो. मला तेलाचा एक थेंब द्या आणि ढकला. जुन्या वस्तू जपायच्या म्हणजे त्यांना नुसते कोपऱ्यात उभे करायचे नसते, त्यांना त्यांचे काम करू द्यायचे असते. दालन दाखवणारे दादा बोलता बोलता पाठ फिरवतात तेव्हा 'खट्' असा आवाज होतो, आणि तो ऐकूनही ते लगेच वळत नाहीत. भला माणूस आहे.

आणखी एक मागणे आहे. तुम्ही सगळे मोठे व्हाल, पुष्कळ दरवाजे ढकलाल आणि पुष्कळांच्या आधी आत पोहोचाल. त्या वेळी समोर गाणे सुरू झालेले असेल, तुमच्या अगदी आवडीचे. तरी घटकाभर थांबा. मागे वळा, आणि जो अजून बाहेर आहे त्याचे बूट धरा.